नावापुरतं

मिडलसेक्स ही इंग्लंडमधली काउंटी १ एप्रिल १९६५ रोजी बंद झाली. तिची कौन्सिल विसर्जित झाली. बहुतेक भाग ग्रेटर लंडनमध्ये गेला. पॉटर्स बार हार्टफर्डशायरला मिळालं, स्टेन्स आणि सनबरी सरेला. रस्ते, घरं आणि माणसं होती तिथेच राहिली.

टपाल खात्याने ते नाव आणखी एकतीस वर्षं चालवलं. १९९६ मध्ये पत्त्यातली काउंटीची ओळ अनावश्यक ठरली. हॅरो, एनफील्ड, ट्विकनम इथली बरीच माणसं ती ओळ अजून लिहितात. पत्र पोस्टकोडवर पोचतं.

ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १९४५ ते १९४७ या काळात स्विंडनच्या कारखान्यात वाफेची तीस इंजिनं बांधली. प्रत्येकाला एकेका काउंटीचं नाव होतं. पहिल्याचा क्रमांक १०००, नाव ‘काउंटी ऑफ मिडलसेक्स’. १९६४ संपेपर्यंत तीसही इंजिनं सेवेतून गेली होती. जतन एकही झालं नाही. डिडकटला आता हौशी मंडळी इतर जुन्या इंजिनांचे भाग घेऊन एक नवं ‘काउंटी’ इंजिन जोडत आहेत. त्याला ग्लॅमॉर्गनचं नाव आहे. ग्लॅमॉर्गन वेल्समध्ये येतं. तिथली काउंटी कौन्सिल १९७४ मध्ये मोडली.

लंडनच्या पार्लमेंट स्क्वेअरमध्ये मिडलसेक्स गिल्डहॉल आहे. पांढरट दगडाची ही इमारत १९१३ मध्ये पुरी झाली. मिडलसेक्सची कौन्सिल इथे बसायची. जागा वेस्टमिन्स्टरची, आणि वेस्टमिन्स्टर १८८९ पासून लंडन काउंटीत मोडत होतं. म्हणजे आपल्या हद्दीबाहेर बसून कौन्सिल कारभार पाहत होती. ती गेल्यावर इमारतीत फौजदारी कोर्ट राहिलं. ते २००७ मध्ये हललं. ऑक्टोबर २००९ पासून तिथे देशाचं सर्वोच्च न्यायालय आहे.

मिडलसेक्स हॉस्पिटल १७४५ मध्ये विंडमिल स्ट्रीटवर सुरू झालं. १७५७ मध्ये ते मॉर्टिमर स्ट्रीटला आलं आणि तिथे जवळजवळ अडीचशे वर्षं चाललं. जुनी इमारत खचू लागली म्हणून १९२८ ते १९३५ या काळात त्याच जागी नवी बांधली. काम टप्प्याटप्प्याने झालं.

१८ जानेवारी १९३६ रोजी रडयार्ड किपलिंग या हॉस्पिटलात वारले. आतड्याचा व्रण फुटला होता. शस्त्रक्रिया झाली, उपयोग झाला नाही. त्यांचा जन्म ३० डिसेंबर १८६५ चा, मुंबईतला, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारातला. वडील तिथे शिकवत. ते घर राहिलेलं नाही. त्या जागी नंतर बांधलेला बंगला आहे आणि त्यावर जन्माची पाटी आहे.

एप्रिल १९८७ मध्ये या हॉस्पिटलात एड्सच्या रुग्णांसाठी वेगळा वॉर्ड उघडला. उद्घाटनाला प्रिन्सेस डायना आल्या होत्या. त्यांनी हातमोजे न घालता एका रुग्णाशी हात मिळवला. रुग्णाने चेहरा दिसू नये म्हणून कॅमेऱ्याकडे पाठ केली होती. तो वॉर्ड आता नाही. हॉस्पिटल डिसेंबर २००५ मध्ये बंद झालं. २००८ मध्ये पाडलं. मधलं लहानसं प्रार्थनामंदिर ठेवलं. आत संगमरवर आहे, छताला सोनेरी मोझेक आहे. मोकळ्या पटांगणात ते बरेच दिवस एकटं उभं होतं. आता त्याच्या चारही बाजूंना कचेऱ्या आणि फ्लॅट आहेत. ते लग्नासाठी भाड्याने मिळतं. प्रार्थनामंदिराच्या नावात मिडलसेक्स नाही, वस्तीच्या नावातही नाही. दोन्हींना फिट्झरॉय घराण्यावरून आलेली नावं आहेत.

मिडलसेक्स रेजिमेंटला ‘डाय हार्ड्स’ म्हणत. स्पेनमधल्या आल्बुएराच्या लढाईत, मे १८११ मध्ये, हे नाव पडलं. कर्नल जखमी होऊन पडला होता आणि पडल्या जागेवरून शिपायांना चिवटपणे मरा म्हणून ओरडत होता. रेजिमेंट १९६६ च्या अखेरच्या दिवशी दुसऱ्या पलटणींत मिसळली. त्यातून झालेली क्वीन्स रेजिमेंट १९९२ मध्ये आणखी एकीत मिसळली.

अर्ल ऑफ मिडलसेक्स हा किताब १६२२ मध्ये लायनेल क्रॅनफील्डला मिळाला. तो पहिल्या जेम्स राजाचा खजिनदार होता. दोनच वर्षांनी लाचखोरीबद्दल त्याच्यावर पार्लमेंटात खटला चालला आणि त्याची टॉवरमध्ये रवानगी झाली. किताब मात्र घराण्यात राहिला. तिसरा अर्ल १६७४ मध्ये वारला आणि तो संपला. पुढच्याच वर्षी नव्याने दिला गेला, सॅकव्हिल घराण्याला. हे सॅकव्हिल पुढे डॉर्सेटचे ड्यूक झाले. त्यांचा नोल नावाचा प्रचंड वाडा डॉर्सेटमध्ये नाही, मिडलसेक्समध्येही नाही. तो केंटमध्ये आहे. १८४३ मध्ये पाचवे ड्यूक निपुत्रिक वारले. डॉर्सेट आणि मिडलसेक्स हे दोन्ही किताब एकाच दिवशी संपले.

लंडनमध्ये डॉर्सेट स्क्वेअर नावाचा एक चौक आहे. थॉमस लॉर्डचं पहिलं क्रिकेटचं मैदान १७८७ मध्ये इथे होतं. भाडं वाढलं, लॉर्डने मैदान हलवलं, मग पुन्हा हलवलं. आता या जागी झाडं आहेत, भोवती उंच घरं आहेत आणि एक पाटी आहे.

क्रिकेटमध्ये मिडलसेक्स आहे. क्लब १८६४ चा. १८७७ पासून तो लॉर्ड्सवर खेळतो. मैदान त्याचं नाही, एमसीसीचं आहे. शर्टावर तीन आखूड सॅक्सन तलवारी असतात. त्या विसर्जित कौन्सिलच्याही चिन्हात होत्या. २००४ मध्ये मुंबईचा अजित आगरकर या क्लबाकडून खेळला. तेव्हा काउंटी जाऊन एकोणचाळीस वर्षं झाली होती.

दादरच्या पारशी कॉलनीतले फारूख इंजिनिअर १९६८ मध्ये लँकेशायरकडून खेळू लागले. ओल्ड ट्रॅफर्ड तेव्हा लँकेशायरमध्ये होतं. १ एप्रिल १९७४ रोजी ते ग्रेटर मँचेस्टरमध्ये गेलं. इंजिनिअर १९७६ पर्यंत त्याच यष्टींमागे उभे होते. २०२५ मध्ये तिथल्या एका स्टँडला त्यांचं नाव दिलं.

यॉर्कशायरच्या तीन ‘रायडिंग’, म्हणजे विभाग, १९७४ च्या त्याच तारखेला कारभारातून गेल्या. यॉर्कशायरच्या क्रिकेट क्लबाने आपला नियम तसाच ठेवला. यॉर्कशायरमध्ये जन्मलेलाच खेळाडू घ्यायचा, आणि यॉर्कशायर म्हणजे जुनं यॉर्कशायर, नकाशावरून पुसलेलं. १९९२ मध्ये नियम सुटला. पहिला परदेशी खेळाडू म्हणून ऑस्ट्रेलियाचा क्रेग मॅकडरमॉट येणार होता. तो जायबंदी झाला. त्याच्याऐवजी एकोणीस वर्षांचा सचिन तेंडुलकर आला.

चेरिंग क्रॉसला, आज जिथून नॉर्थम्बरलंड अॅव्हेन्यू निघतो तिथे, नॉर्थम्बरलंड हाउस होतं. ते सुमारे १६०५ मध्ये नॉर्थम्प्टनच्या अर्लने बांधलं. तेव्हा त्याला नॉर्थम्प्टन हाउस म्हणत. अर्ल वारल्यावर ते सफकच्या अर्लकडे गेलं आणि सफक हाउस झालं. १६४० च्या दशकात सफकची मुलगी नॉर्थम्बरलंडच्या अर्लला दिली, त्या सोयरिकीत वाडाही गेला. तिसरं नाव टिकलं. वाड्याच्या माथ्यावर शिशाचा सिंह होता. नॉर्थम्बरलंडच्या अर्लच्या पर्सी घराण्याचं ते चिन्ह. त्याची शेपटी ताठ होती. अठराव्या शतकात रॉबर्ट अॅडमने आत एक दिवाणखाना केला. त्याच्या भिंतींना तांबड्या आणि हिरव्या काचेचे तक्ते होते, मागून रंगवलेले.

ट्रॅफल्गर स्क्वेअरपासून थेम्सच्या नव्या बांधापर्यंत रस्ता हवा होता. वाडा मध्ये येत होता. नॉर्थम्बरलंडच्या ड्यूकने आधी नकार दिला. १८७४ मध्ये पाच लाख पौंडांना सौदा झाला. त्याच वर्षी वाडा पाडला. सिंह त्याच घराण्याच्या सायन हाउसवर चढवला. काचेचे तक्ते उतरवून पेट्यांत भरले. त्यातले काही आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. एक कमान पूर्व लंडनमधल्या ब्रॉम्ली-बाय-बोच्या बागेत आहे. सायन हाउस जुन्या मिडलसेक्समध्ये आहे. नॉर्थम्बरलंड तिथून जवळजवळ तीनशे मैलांवर.

टॉटनममध्ये नॉर्थम्बरलंड पार्क नावाचं रेल्वे स्टेशन आहे. तेही मिडलसेक्समधलं. सुरू झालं तेव्हा त्याचं नाव मार्श लेन होतं. नंतर नुसतं पार्क झालं. १९२३ पासून नॉर्थम्बरलंड पार्क. पर्सी घराण्याची या भागात जमीन होती. त्याच घराण्यातल्या हॅरी हॉटस्परवरून शेजारच्या फुटबॉल क्लबाचं नाव पडलं. खुद्द नॉर्थम्बरलंडमधल्या ब्लाइथ आणि अॅशिंग्टनची प्रवासी गाडी १९६४ मध्ये बंद झाली होती. कोळशाच्या गाड्या चालू राहिल्या, मग खाणी बंद झाल्या. १५ डिसेंबर २०२४ रोजी अॅशिंग्टनला पुन्हा प्रवासी गाडी आली. साठ वर्षांनी.

डेव्हनशायरच्या ड्यूकचं घर, चॅट्सवर्थ, डर्बीशायरमध्ये आहे. किताब १६९४ चा. डेव्हनमध्ये वेगळा अर्ल ऑफ डेव्हन राहतो. सरदाराचा आणि त्याच्या किताबातल्या मुलखाचा संबंध इंग्लंडात बहुधा कागदावरच असतो. त्याचं तिथे कोणाला नवल वाटत नाही.

लंडनमध्ये पिकडिलीला डेव्हनशायर हाउस होतं. रस्त्याच्या बाजूने उंच विटांची भिंत, आत साधं, बसकं, लांबट घर. आधीचा वाडा १७३३ मध्ये जळाला, म्हणून विल्यम केंटने हे बांधलं. २ जुलै १८९७ रोजी, व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाच्या उन्हाळ्यात, इथे वेषांतराचा जलसा झाला. सुमारे सातशे पाहुणे होते. सगळ्यांनी इतिहासातला किंवा पुराणातला पोशाख करायचा होता. डचेस पालमायराची राणी झेनोबिया झाली. बागेत फोटोग्राफरचा तंबू ठोकला होता. ते फोटो आहेत.

१९०८ मध्ये आठवे ड्यूक वारले. वारसाकर पाच लाख पौंडांच्या वर गेला. पुतण्या नववा ड्यूक झाला. त्याने दुर्मीळ पुस्तकं विकली. १९२० मध्ये डेव्हनशायर हाउस विकलं. त्याच वर्षी चॅट्सवर्थचं मोठं काचघर सुरुंग लावून पाडलं. हे काचघर जोसेफ पॅक्स्टनने बांधलं होतं. ड्यूकचा माळी म्हणून तो चॅट्सवर्थला आला होता. काचघर १८४० मध्ये पुरं झालं, आणि त्यातून घोडागाडी जाईल इतका रस्ता होता. पहिल्या महायुद्धात त्याला द्यायला कोळसा उरला नाही. आतली उष्ण प्रदेशातली झाडं थंडीने मेली. सुरुंग एकदा लावून भागलं नाही, पुन्हा पुन्हा लावावे लागले. पायाच्या भिंती उरल्या. आत आता झुडपांचा भुलभुलैया आहे.

डेव्हनशायर हाउस १९२४ मध्ये पाडलं. त्या जागी कचेऱ्यांची इमारत आली. तिचंही नाव डेव्हनशायर हाउस. वाड्याची लोखंडी जाळीची फाटकं रस्त्यापलीकडे ग्रीन पार्कच्या कडेला उभी केली. ती मुळात या वाड्याचीही नव्हती, चिझिकहून आणली होती. ड्यूकांनी तिथलं चिझिक हाउसही १९२९ मध्ये विकलं. घेणारी मिडलसेक्स काउंटी कौन्सिल.

दहाव्या ड्यूकने मालमत्ता आधीच वारसाच्या नावे करून ठेवली. कर टळायला त्यानंतर पाच वर्षं जगायला हवं होतं. त्याचा थोरला मुलगा सप्टेंबर १९४४ मध्ये बेल्जियममध्ये गोळी लागून मेला होता. लग्नाला चार महिने झाले होते. त्याची बायको कॅथलीन, जॉन केनेडींची बहीण, १९४८ मध्ये विमान अपघातात गेली. तिला चॅट्सवर्थजवळच्या एडन्सरला पुरलं. ड्यूक नोव्हेंबर १९५० मध्ये लाकडं फोडताना वारला. वय पंचावन्न. पाच वर्षांना काही महिने कमी पडले. कर ऐंशी टक्के लागला. त्याच्या फेडीत हार्डविक हॉल गेला, हजारो एकर जमीन गेली, रेम्ब्रांटपासून होल्बाइनपर्यंत चित्रं गेली. चॅट्सवर्थ राहिलं. तिथे तिकीट काढून जाता येतं.

बक्स्टनमध्ये ड्यूकने पाहुण्यांच्या घोड्यांसाठी बांधलेला अष्टकोनी तबेला होता. त्याचं हॉस्पिटल झालं. १८८१ मध्ये मधल्या चौकावर घुमट चढवला, मधे एकही खांब न देता. व्यास एकशे पंचेचाळीस फूट. त्या वेळी जगात एवढा दुसरा नव्हता. डेव्हनशायर रॉयल हॉस्पिटल २००० मध्ये बंद झालं. नंतर तिथे विद्यापीठाचे वर्ग भरू लागले.

डेव्हनशायर स्ट्रीट नावाचं स्टेशन लंडनच्या माइल एंडला १८३९ मध्ये उघडलं. ईस्टर्न काउंटीज रेल्वेचं ते तात्पुरतं शेवटचं स्टेशन होतं. पुढच्या वर्षी लाइन शोरडिचपर्यंत गेली. थोड्याच काळात स्टेशन बंद झालं. त्याचं काही शिल्लक नाही.

सेंट जेम्स स्क्वेअरमध्ये नॉरफॉक हाउस होतं. नॉरफॉकचे ड्यूक इंग्लंडातले पहिल्या मानाचे ड्यूक. ते ससेक्समध्ये, अरुंडेलच्या किल्ल्यात राहतात. तिसरा जॉर्ज राजा १७३८ मध्ये नॉरफॉक हाउसच्या जुन्या घरात जन्मला. १७५० च्या सुमाराला त्या जागी नवं घर झालं. ते १९३८ मध्ये पाडलं. सोनेरी नक्षीचा संगीताचा दिवाणखाना तेवढा उचलून म्युझियममध्ये नेला. त्या जागच्या नव्या इमारतीलाही तेच नाव दिलं. महायुद्धात आयझेनहॉवरची कचेरी तिथे होती.

सॉमरसेट हाउसला सॉमरसेटच्या पहिल्या ड्यूकने १५४७ मध्ये हात घातला. दगडासाठी त्याने चर्चच्या इमारती पाडल्या. १५५२ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. वाडा राजाकडे गेला. १७७५ मध्ये तो पाडून सरकारी कचेऱ्यांसाठी आजची इमारत उभारली. देशभरच्या जन्म, लग्न आणि मृत्यूंच्या नोंदींची सूची शतकाहून जास्त काळ इथे होती. सूचीचे खंड जाडजूड, कातडी बांधणीचे. ते १९७० च्या दशकात हलवले. कर खात्याचे लोकही पुढे गेले. ज्या चौकात त्यांच्या मोटारी उभ्या असत तिथे हिवाळ्यात बर्फावर घसरण्याचं मैदान असतं.

एसेक्सच्या अर्लचं कॅसिओबरी हाउस वॉटफर्डला होतं. वॉटफर्ड हार्टफर्डशायरमध्ये. १९२२ मध्ये घरातल्या चीजवस्तूंचा लिलाव झाला आणि १९२७ मध्ये घर पाडलं. सतराव्या शतकातला कोरीव लाकडी जिना न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने घेतला. तो तिथे उभा आहे.

लंडनच्या इझलिंग्टनमध्ये एसेक्स रोड नावाचं स्टेशन आहे. इझलिंग्टन एसेक्समध्ये कधीच नव्हतं. स्टेशन १९०४ चं, जमिनीखाली खोल. १९७५ पर्यंत तिथे भुयारी रेल्वेच्या गाड्या येत. १९७६ पासून साध्या लोकल येतात. भुयारी रेल्वेच्या यादीत ते आता नाही.

केंट हाउस नावाचं स्टेशन दक्षिण लंडनमध्ये आहे. सुरू झालं १८८४ मध्ये. जवळच केंट हाउस नावाचा जुना वाडा होता. लंडनहून सिडनमच्या बाजूने येताना केंटच्या हद्दीतलं ते पहिलं घर, म्हणून हे नाव. विसाव्या शतकाच्या मध्यावर वाडा पाडला. १९६५ मध्ये हद्दही सरकली. बेकनम आणि ब्रॉम्ली ग्रेटर लंडनमध्ये गेली. त्या जागेपासून केंट आता काही मैल पुढे सुरू होतं. गाड्या थांबतात.

ओल्ड केंट रोडचं स्टेशन १८६६ मध्ये उघडलं. युद्धातली काटकसर म्हणून १ जानेवारी १९१७ रोजी बंद केलं. पुन्हा उघडलं नाही. मोनोपोलीच्या लंडनच्या पटावर ओल्ड केंट रोड साठ पौंडांना मिळतो. नॉर्थम्बरलंड अॅव्हेन्यू एकशे साठला. हे भाव १९३६ पासून बदललेले नाहीत.

केंटचा एक ड्यूक, व्हिक्टोरिया राणीचा बाप, जानेवारी १८२० मध्ये डेव्हनच्या किनाऱ्यावर सिडमथला वारला. मुलगी आठ महिन्यांची होती. त्याचा भाऊ ससेक्सचा ड्यूक. त्याने राजाच्या परवानगीशिवाय लग्न केलं, म्हणून मुलं किताबाची वारस ठरली नाहीत. १८४३ मध्ये तो किताबही संपला. २०१८ मध्ये प्रिन्स हॅरीला तो नव्याने दिला. ससेक्सचे ड्यूक आता कॅलिफोर्नियात राहतात.

कम्बरलंडचा ड्यूक हा किताब संपलेला नाही, स्थगित आहे. तो धारण करणारे जर्मनीतल्या हॅनोव्हर घराण्यातले होते. पहिल्या महायुद्धात ते शत्रूच्या बाजूला ठरले. १९१७ मध्ये तसा कायदा झाला आणि मार्च १९१९ मध्ये किताब काढून घेतला. वारसाला तो परत मागता येतो, अशी कायद्यात तरतूद आहे. तो परत दिला गेलेला नाही. कम्बरलंड काउंटी १९७४ मध्ये गेली. तिच्यासोबत वेस्टमोरलंडही गेली. दोन्ही कम्ब्रियात गेल्या. एप्रिल २०२३ मध्ये कम्ब्रियाची कौन्सिल मोडली. तिच्या दोन वाटण्या केल्या, आणि एकीचं नाव कम्बरलंड.

रटलंड ही इंग्लंडातली सर्वांत लहान ऐतिहासिक काउंटी. १९७४ मध्ये ती लेस्टरशायरमध्ये विलीन केली. १९९७ मध्ये परत दिली. रटलंडच्या ड्यूकचा किल्ला तेव्हाही लेस्टरशायरमध्ये होता, आताही आहे. मधल्या काळात मोठा तलाव झाला. त्यात नेदर हॅम्बल्टन हे गाव बुडालं. नॉर्मन्टनचं चर्च अर्धं भरावात गेलं. त्याचा वरचा भाग पाण्यावर दिसतो.

रटलंडमधली मॅन्टन, लफनम, केटन, अॅशवेल ही स्टेशनं १९६६ मध्ये बंद झाली. अपिंगम त्याआधी १९६० मध्ये. सबंध काउंटीत आता ओकम हे एकच स्टेशन चालू आहे. ओकमच्या किल्ल्यातल्या दालनात भिंतभर घोड्याचे नाल टांगलेले आहेत, दोनशेहून जास्त. प्रथमच गावात येणाऱ्या सरदाराने एक नाल द्यायचा, अशी तिथली रीत. नाल लोखंडी, सोनेरी, काही प्रचंड मोठे. घोड्याच्या पायात बसेल असा क्वचितच एखादा.

सफकचे अर्ल बर्कशायरचेही अर्ल. राहतात विल्टशायरमध्ये. बर्कशायरची काउंटी कौन्सिल १९९८ मध्ये बंद झाली. विसावे अर्ल, चार्ल्स हॉवर्ड, दुसऱ्या महायुद्धात न फुटलेले बॉम्ब निकामी करत.  सोबत नेहमी त्यांची सेक्रेटरी आणि ड्रायव्हर असत. अर्ल बॉम्बवर काय करताहेत ते सेक्रेटरी उतरवून घेई, कारण चूक झाली तर पुढच्या माणसाला ती कळायला हवी. चौतीस बॉम्ब निकामी झाले. १२ मे १९४१ रोजी केंटमधल्या एरिथच्या दलदलीत पस्तिसावा फुटला. तिघेही गेले. अर्लला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला. एरिथ १९६५ पासून केंटमध्ये नाही.

थेम्सच्या दक्षिण काठावर सरे कमर्शियल डॉक्स ही गोदी होती. स्कँडिनेव्हिया, बाल्टिक आणि कॅनडाहून इमारती लाकूड इथे उतरे. हमाल फळ्यांच्या थप्प्या खांद्यावर वाहत. मानेवर कातडी टोपीची झूल असे. ७ सप्टेंबर १९४० च्या बाँबवर्षावात लाकडाचे ढीग पेटले. आग कित्येक मैलांवरून दिसत होती. लाकूड पुन्हा आलं, पुन्हा रचलं गेलं. मग मालाच्या पेट्या आल्या, मोठी जहाजं आली, आणि ती इथवर येईनात. गोदी १९७० मध्ये बंद झाली. बहुतेक कुंडं भरून टाकली. ग्रीनलंड डॉकमध्ये पाणी आहे, त्यात होड्या असतात.

शेजारच्या स्टेशनाचं नाव आधी डेटफर्ड रोड होतं. १९११ मध्ये ते सरे डॉक्स झालं. १९८९ मध्ये, शॉपिंग सेंटर झाल्यावर, सरे कीज. कीज म्हणजे धक्के. तिथे जहाजांचा माल आता उतरत नाही. जागा सरेमध्ये नाही, १८८९ पासून नाही.

सरे काउंटी कौन्सिल १८८९ मध्ये झाली. बैठका न्यूइंग्टनला भरत. न्यूइंग्टन त्याच साली लंडन काउंटीत गेलं. १८९३ मध्ये कौन्सिलने किंग्स्टनला नवी इमारत बांधली. १९६५ मध्ये किंग्स्टन ग्रेटर लंडनमध्ये गेलं. कौन्सिल हलली नाही. पंचावन्न वर्षं ती आपल्या हद्दीबाहेर बसत राहिली. २०२० च्या अखेरीस किंग्स्टनची इमारत सोडून ती रायगेटला, सरेमध्ये, आली. २०२५ मध्ये सरकारने तिच्या जागी पूर्व सरे आणि पश्चिम सरे अशा दोन कौन्सिली नेमायचं ठरवलं. सरे काउंटी कौन्सिल एप्रिल २०२७ मध्ये बंद करायची आहे.